कुरकूर व कैफियत

आपल्या भाषेत दुःख बोलून दाखविण्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे दुसऱ्या एखाद्या व्यवहारासाठी क्वचितच असतील. गाऱ्हाणे, फिर्याद, कैफियत, तक्रार, रडगाणे, कुरकूर, पिरपीर, ओरड, बोंब अशी ही यादी वाढवावी तितकी वाढेल. हे सर्व शब्द एका अर्थाचे नव्हेत. गाऱ्हाणे देवापुढे किंवा राजापुढे घालतात, फिर्याद न्यायाधीशापुढे नेतात, कैफियत अंमलदारापुढे लिहून देतात. या तिहींत ऐकणारा कोण हे बोलणाऱ्यास ठाऊक असते आणि त्याच्या हातून अमुक एक गोष्ट घडावी अशी मागणीही ठरलेली असते. कुरकुरीचे तसे नाही. तिला ऐकणारा कोणीही चालतो. कोणीच न मिळाल्यास बैलही चालतो. मागणी तर तिच्यात नसतेच. म्हणून कुरकूर कधी संपत नाही, ती फक्त उद्यावर जाते.

महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे उमेदीचे सारे आयुष्य गेले. या काळात लोकांची दुःखे जितकी कागदावर आमच्यासमोर आली त्याहून किती तरी अधिक कचेरीच्या ओट्यावर, पानठेल्यावर आणि मोटारीच्या थांब्यावर आमच्या कानी पडली. कागदावर आलेल्यांपैकी काहींचे निवारण झाले, काहींचे झाले नाही. ओट्यावर बोलल्या गेलेल्यांपैकी एकाचेही झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. या अनुभवावरून आमचे जे मत बनले आहे ते वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. शेतकऱ्याचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही व म्हणणाऱ्याची बाजूही घेत नाही. आर्वी तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, पण तो घरात येऊ लागला की नेमका भाव उतरतो. सोयाबीन सोंगून शेतात पसरले की आभाळ भरून येते. उभ्या तुरीत व हरभऱ्यात रात्री रानडुकरांचे आणि रोह्यांचे कळप शिरतात, आणि जागलीला माणूस मिळत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली त्यांत आपला वर्धा जिल्हा होता; तो काही सुखी म्हणून त्यांत घेतला नव्हता. तेव्हा दुःख आहे हे गृहीत धरूनच पुढे जावयाचे आहे. त्या दुःखाचे आपण काय करतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमच्या माहितीतील एक उदाहरण घ्या. तालुक्यातील एका गावी एका शेतकऱ्याच्या शेतास जाणारी पांदण शेजाऱ्याने काटेरी कुंपण घालून अडविली. गाडी जाईना, खत जाईना, निघालेला कापूस डोक्यावरून धुऱ्याधुऱ्याने आणावा लागे. हा गृहस्थ सरळ, पण बोलका. ज्या दिवशी कुंपण पडले त्या दिवसापासून त्याने ही हकीकत सांगण्यास आरंभ केला, आणि पुढे दोन वर्षे ती तो सांगतच होता. गावात, सासुरवाडीस, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवातदेखील. शेजाऱ्याच्या बापाने पूर्वी काय केले होते तेही हळूहळू त्या हकीकतीत शिरले. ऐकणारे च्यक् च्यक् करीत आणि आपापल्या पांदणीचे रडगाणे सुरू करीत. दोन वर्षांनी कोणा जाणत्याने त्यास तहसील कचेरीत धाडले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा कायदा अशा अडवणुकीसाठीच आहे, आणि त्याखाली दावा अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. गृहस्थापाशी हकीकत होती, साक्षीदार होते, सारा गाव त्याच्या बाजूचा होता. फक्त सहा महिने त्यापूर्वीच निघून गेले होते. रस्त्याच्या मागणीचा दुसरा मार्ग जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमात आहे, परंतु तो मार्ग लांबचा आणि त्याची चौकशीही निराळी. जे काम एका हंगामात व्हावयाचे ते किती हंगामांवर गेले याचा हिशोब वाचकांनीच करावा.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो मनुष्य आळशी नव्हता. दोन वर्षांत त्याने त्या पांदणीविषयी जेवढे श्रम केले तेवढ्यात दहा दावे चालले असते. कुरकुरीचा खरा घात येथेच आहे. बोलून झाले की मन हलके होते, आणि मन हलके झाले की काहीतरी केल्यासारखे वाटते. भूक लागलेल्या मुलाच्या तोंडात बोट द्यावे तसे हे आहे. मूल काही वेळ उगी राहते, पोटात मात्र काही जात नाही. उलट ज्यास बोलावयास कोणी मिळत नाही असा एखादा घुमा मनुष्य रागाच्या भरात सरळ कचेरीत येऊन अर्ज टाकतो आणि त्याचे काम होऊन जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. गावकरी मग म्हणतात, त्याचे साहेबाशी साटेलोटे आहे. ही आणखी एक कुरकूर!

कायद्याची घड्याळे कोणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत, हे शेतकऱ्याने मनावर कोरून ठेवले पाहिजे. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घेण्यास पंधरा दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत भावाने भावाविरुद्ध चौकात जे बोलावयाचे ते बोलून घेतले आणि पटवाऱ्याकडे एक ओळही लिहून दिली नाही, तर फेरफार प्रमाणित होतो आणि सातबारा बदलतो. तहसीलदाराच्या हुकुमावर अपील करावयाचे तर साठ दिवस. रानडुकरांनी पीक नासले तर तीन दिवसांच्या आत वर्दी द्यावी लागते, आणि आपल्याकडे पहिले तीन दिवस वन खात्यास शिव्या देण्यातच जातात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. गारपीट होणे, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी असा तिचा नियम होता. २०२५ च्या खरिपात आपल्या राज्याने योजनेचे रूप बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठेवली, ही गोष्ट वेगळी. पण तो नियम चालू होता त्या वर्षांत ७२ तासांपैकी किती तास वेळेवर सूचना देण्यात गेले आणि किती कंपनीच्या नावाने खडे फोडण्यात गेले, हे ज्याचे त्यास ठाऊक.

२०१७ सालची गुलाबी बोंडअळी वाचक विसरले नसतील. त्या वर्षी विदर्भात बोंडेच्या बोंडे आतून पोखरून निघाली. सदोष बियाण्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याची तरतूद कापूस बियाण्यांसंबंधीच्या २००९ च्या राज्य कायद्याखाली होती. त्यासाठी शेतकऱ्याने 'जी' नमुन्यात तक्रार भरून द्यावयाची व सोबत बियाणे खरेदीची पावती जोडावयाची. कृषी खात्याने हे नमुने गावोगाव भरून घेतले. त्या वेळी आपल्या लोकांची काय धांदल उडाली! पावती कोणी घेतलीच नव्हती, कोणी घेतलेली खिशातच धुऊन निघाली होती, कोणाच्या पोरांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांत गोट्या भरून ठेवल्या होत्या. बोंडअळीविषयी बोलण्यास प्रत्येकाजवळ दोन तास होते. पण कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेस, कोणत्या वाणाची, किती पाकिटे घेतली, एवढ्या चार गोष्टी सांगणारे त्या मानाने फार थोडे. कुरकुरीस पुरावा लागत नाही, म्हणून ज्यास कुरकुरीची सवय लागली तो पुरावा जपण्याचे सोडून देतो. सवयीचा हा दुसरा घात होय.

तिसरा घात अधिक सूक्ष्म आहे आणि तो सांगताना काही वाचकांस राग येईल. कुरकूर करणारा नेहमी दुसऱ्याविषयी बोलतो, त्यामुळे ज्या गोष्टी स्वतःच्या हातात आहेत त्यांकडे त्याची दृष्टी जात नाही. बोंडअळी बियाण्याच्या कंपनीमुळे आली की आणखी कशामुळे, याचा वाद तज्ज्ञ करोत. परंतु डिसेंबर उलटल्यावर आणखी चार मण कापूस मिळेल या आशेने जो फरदड ठेवतो, पाणी देऊन ती पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राखतो, तो त्या अळीस उन्हाळ्यापर्यंत पोसतो, हे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ या दोहोंनीही सांगून ठेवले आहे. फरदड ठेवणारा आणि अळीविषयी सर्वांत मोठ्याने ओरडणारा हे पुष्कळदा एकच असतात. तीच गोष्ट कापसातील ओलाव्याची. भारतीय कापूस निगमाच्या हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर गेल्यास माल परत, हा नियम आहे. सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत दाबून भरावयाचा, यंत्राने तेरा दाखविले की ग्रेडरला लुच्चा म्हणावयाचे आणि परतीच्या वाटेने तो माल खाजगी व्यापाऱ्यास पडेल त्या भावाने घालावयाचा, असे दरसाल चालते. ग्रेडर सारेच साधू असतात असे नव्हे. पण दोन उन्हे दिलेला कापूस घेऊन गेलेल्यास निदान त्याच्याशी भांडता तरी येते.

येथवर आम्ही पैशाच्या नुकसानीविषयी लिहिले. पैसा पुढल्या हंगामी येईलही. कुरकुरीने घरात जे होते ते मात्र कोणत्याही हंगामी भरून निघत नाही, आणि हा लेख लिहावयास आम्हांस विशेषतः तीच गोष्ट प्रवृत्त करीत आहे.

संध्याकाळी घरधनी शेतावरून येतो. हातपाय धुऊन पाटावर बसतो. पहिल्या घासाबरोबर तो बोलतो की शेतीत आता काही राम राहिला नाही. दुसऱ्या घासास मजुरांचा उद्धार, तिसऱ्यास सरकारचा, चौथ्यास पावसाचा. भाजीत मीठ कमी असल्यास तेही याच यादीत जाते. समोर वाढणारी घरधनीण हे वीस वर्षे ऐकत असते. तिने पहाटेपासून केलेल्या कामाविषयी एक अक्षर त्या जेवणात निघत नाही, कारण जे ठीक झाले त्याविषयी बोलण्याची पद्धतच त्या घरातून गेलेली असते. शेजारी मुलगा जेवत असतो. तो काही बोलत नाही. तो ऐकतो. सहा वर्षांचा असल्यापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत दररोज दोन वेळा त्याने हे ऐकलेले असते. मग एके दिवशी तो म्हणतो, मी शेती करणार नाही, पुण्यास जातो, तेथे कारखान्यात बारा तास उभा राहीन पण शेती करणार नाही. तेव्हा बाप कपाळास हात लावतो आणि म्हणतो की आजकालच्या पोरांस मातीची लाज वाटते. ही लाज पोराने कोठून आणली? शाळेत तर ती कोणी शिकविली नव्हती.

आज गावोगाव एक मोठे गाऱ्हाणे ऐकू येते की शेतकऱ्याच्या मुलास कोणी मुलगी देत नाही. दहा एकर ओलिताची जमीन असलेला, निर्व्यसनी, शिकलेला मुलगा तिशी ओलांडून बसलेला आहे, आणि पंधरा हजारांच्या कंत्राटी नोकरीवाल्यास स्थळे येतात. ही गोष्ट खरी व दुःखाची आहे. शेतीच्या मिळकतीची शाश्वती नाही हे तिचे मोठे कारण, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु मुली देत नाहीत म्हणून आपण ज्या मुलीच्या बापांस दोष देतो ते कोण आहेत? तेही बहुधा शेतकरीच आहेत. आपल्याच पारावर आपल्याबरोबर बसून शेतीत राम नाही असे तेही बोलत आले आहेत, त्यांच्या मुली तेच ऐकत वाढल्या आहेत, आणि आता आपल्या मुलीपुरते ते आपल्या शब्दास जागत आहेत. आम्ही ज्या मालाची वीस वर्षे स्वतःच्या तोंडाने नालस्ती केली तो माल बाजारात खपत नाही म्हणून बाजारावर रुसावयाचे, यास काय म्हणावे? समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे एक संबंध समास खर्चून सांगितली आहेत. वाचकांनी तो समास काढून वाचावा. आम्ही येथे अधिक लिहीत नाही.

सालदाराचीही तीच तऱ्हा. ज्या मालकाच्या तोंडून यंदा काही पिकणार नाही असे मृगापासून ऐकावयास मिळते त्याच्या शेतात डवरणी करावयास कोणाचा हात उत्साहाने चालेल? आणि बँकेच्या किंवा सोसायटीच्या सचिवासमोर आपल्या शेतीची दुर्दशा रसभरीत वर्णन करून लगेच वाढीव कर्जाची मागणी करणारेही आम्ही पाहिले आहेत. असो.

सर्वांत गंभीर गोष्ट आता सांगावयाची आहे. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या नोंदी शासन २००१ पासून ठेवीत आले आहे. त्या प्रत्येक नोंदीमागे एक घर आहे. या विषयावर बोलताना जिभेस आवर घातला पाहिजे. जो गेला त्यास दुबळा किंवा रडका म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि आमच्या लेखाचा तसा अर्थ कोणी घेऊ नये. उलट आमचे निरीक्षण असे आहे की ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांतील पुष्कळजण कुरकूर करणारे नव्हतेच. ते मुके होते. आणि एखाद्याने शेवटी शेवटी धीर करून कोणाजवळ तोंड उघडले असेल, "आता काही खरे नाही" एवढेच म्हटले असेल, तर ऐकणाऱ्यास त्यात नवल काय वाटावे? तेच शब्द त्या पारावर प्रत्येकजण रोज उच्चारतो. मेलो, बुडालो, संपलो, हे शब्द आपण तंबाखूच्या चिमटीइतके स्वस्त केले आहेत. जेथे बारा महिने सगळेच हाका मारतात तेथे खरोखर विहिरीत पडलेल्याची हाक कोणास ओळखू येणार? ज्या गावात लोक मोजून मापून बोलतात त्या गावात एखादा एरवी हसतमुख मनुष्य दोन दिवस गप्प बसला तरी शेजारी त्याच्या दारी येऊन उभा राहतो. आपले दुःख विश्वासाच्या माणसाजवळ बसून सांगणे ही कुरकूर नव्हे. ते अवश्य सांगावे. घरात सांगण्यासारखे नसेल तर २०२२ पासून केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीची विनामूल्य सोय केली आहे, तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा अशी आमची सूचना आहे.

आता कोणी म्हणेल की कारकून तो कारकून, त्यास सर्व रोगांवर अर्ज हेच औषध दिसते. यास उत्तर म्हणून दोन उदाहरणे देतो, ती कारकुनांची नव्हेत.

बिहारातील चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांनी रयतेस पिळून काढले होते. विघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे अशी सक्ती होती, आणि तिचे रडगाणे पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. १९१७ साली गांधीजी तेथे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी भाषणे दिली नाहीत. त्यांनी वकील मंडळी बसविली आणि रयतेचे जबाब लिहून घेण्यास आरंभ केला. प्रत्येक शेतकऱ्याची उलटतपासणी करावयाची, आणि जो तीत टिकणार नाही त्याचा जबाब घ्यावयाचा नाही, असा नियम ठेवला. गुप्त पोलिसांचा मनुष्य शेजारी बसलेला असे, त्याच्या देखत जबाब होत. असे हजारो जबाब जमले. सरकारास चौकशी समिती नेमावी लागली, तीत गांधीजी स्वतः सभासद झाले, वाढीव वसुलीपैकी चौथाई परत मिळाली आणि १९१८ च्या कायद्याने ती तीन कठ्ठ्यांची सक्ती गेली. पिढ्यांची कुरकूर जे करू शकली नाही ते वर्षाच्या आत कागदाने झाले, आणि ज्याने तो कागद लिहविला तोच पुरुष पुढे १९३६ पासून आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामास येऊन राहिला. जबाब न टिकणाऱ्यास परत पाठविण्याचा तो नियम आमच्या मते त्या साऱ्या लढ्याचा कणा होता. आपल्याकडील किती गाऱ्हाणी त्या उलटतपासणीत टिकतील?

दुसरे उदाहरण आपल्याच काळातील. शेतमालास भाव नाही हे वाक्य महाराष्ट्रात शंभर वर्षे तरी बोलले गेले असेल. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत मोठ्या हुद्यावर असलेले शरद जोशी ती नोकरी सोडून परत आले, चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले, आणि त्यांनी शेतीचा हिशोब मांडला. बियाणे इतके, खत इतके, मजुरी इतकी, घरच्या माणसांचे श्रम इतके, हाती आले इतके. भाव नाही या रडगाण्याची जागा उत्पादन खर्चावर आधारित भाव या मागणीने घेतली. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनात शेतकरी रस्त्यावर बसले ते ही मागणी घेऊन, आणि पुढे आपल्या विदर्भातील कापूस उत्पादकही तिच्यामागे उभे राहिले. शेतकरी संघटनेच्या सर्व मतांशी प्रत्येक वाचक सहमत असेल असे नाही, आम्हीही नाही. तरी ओरड आणि मागणी यांतील अंतर हिशोबाच्या एका वहीने तुटले, ही गोष्ट तिच्या विरोधकांसही मान्य करावी लागेल. आज आपल्या तालुक्यात किती शेतकऱ्यांच्या घरी अशी वही आहे? एकरी कापसास यंदा खर्च किती आला असे विचारल्यास उत्तर मिळते, विचारू नका. विचारू नका हा आकडा नव्हे.

कचेरीत अर्ज कुजतात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही झाकून ठेवीत नाही. आळशी अंमलदार आहेत, कागद दाबून ठेवणारे कारकून आहेत, हात ओला केल्याखेरीज न हलणारेही आहेत. परंतु कुजणाऱ्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज जन्मतःच मेलेले असतात. "माझ्यावर फार अन्याय झाला आहे, तरी मेहेरबान साहेबांनी योग्य न्याय द्यावा" अशा मजकुराचे अर्ज आम्ही गठ्ठ्यांनी हाताळले. गट नंबर नाही, तारीख नाही, कोणी काय केले ते नाही, आणि काय व्हावे तेही नाही. यावर साहेबाने हुकूम तरी काय लिहावा? तो लिहितो, चौकशी करून अहवाल द्यावा; अर्ज पटवाऱ्याकडे जातो आणि पटवारी अर्जदारास विचारतो, काय भानगड आहे. म्हणजे ही कुरकूरच होती, तिने फक्त कोर्ट फी स्टँप लावला होता. याउलट गट नंबर, घटनेची तारीख, विरुद्ध बाजूचे नाव, सातबाऱ्याची प्रत, कायद्याचे कलम ठाऊक असल्यास ते, आणि शेवटी एका वाक्यात मागणी, असा अर्ज आला की आळशी कारकूनही तो जपून ठेवतो, कारण याचा जाब पुढे विचारला जाईल हे त्यास त्या कागदाकडे पाहूनच कळते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकाराखाली त्या अर्जाचे काय झाले हे विचारावे. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत लोकशाही दिन असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले व नकला यांस मुदती ठरवून दिल्या आहेत. इतके करूनही काम होणार नाही असे प्रसंग येतील. त्या वेळी खुशाल ओरडावे. ती ओरड कागदाच्या आधारावर उभी असल्यामुळे वर्तमानपत्रासही छापावी लागेल आणि आमदारासही ऐकावी लागेल.

पुलगावहून आर्वीस येणारी १९१७ सालची छोटी रेल्वे ज्यांनी पाहिली त्यांस आठवत असेल की तिच्या मंद चालीवर गावकरी किती तोंडसुख घेत. गाडी बंद पडली, आणि आता तेच गावकरी ती गाडी किती चांगली होती याविषयी हळहळतात. चालू असताना तिच्या वेळेविषयी रेल्वेकडे लेखी तक्रार गुदरलेला मनुष्य आम्हांस भेटलेला नाही. कदाचित असेलही.

आपल्या मंडळाच्या सभेत पहिला तास हवापाण्यावर आणि भावावर बोलण्यात जातो, हे सभासदांस ठाऊक आहे. आमची सूचना अशी की सभेच्या जागी एक साधी वही ठेवावी. ज्यास काही सांगावयाचे असेल त्याने प्रथम तीत गट नंबर, काय घडले, केव्हा घडले, कोणाकडे दाद मागावयाची आणि मुदत कधी संपते हे रकाने भरावे. मुदतीचा रकाना लाल शाईने. पांदणी, वहिवाट, फेरफार, मोजणी, रानडुकरे, विहिरीवरील वीज, या सर्वांस ही वही पुरेल. एकाच नाल्याविषयी सहाजणांनी लिहिले तर सहांचा एक अर्ज होईल, आणि सहा सह्यांचा कागद एका सहीच्या कागदाहून जड भरतो हे कचेरीत बसलेल्या कोणासही विचारावे. ज्यांस मजकूर जुळविता येत नसेल त्यांनी दिवेलागणीनंतर आमच्याकडे यावे. लिहिणावळ नाही. येताना सातबाऱ्याचा ताजा उतारा आणि असतील तेवढ्या पावत्या बरोबर आणाव्यात. गेल्या वर्षीच्या भावाविषयी बोलावयाचे असल्यास त्यासही आमची ना नाही, मात्र ते अर्ज लिहून झाल्यावर, चहा होईपर्यंत.